बुरूज नसलेले रणगाडे

१९९८ सालच्या हिवाळ्यांत आमच्या शाळेंतील सातवीच्या मुलांची सहल मीं अहमदनगरास नेली होती. त्या शहराचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे. परंतु त्या दिवसाच्या आठवणीला जुनेंच नांव चिकटलेलें आहे, तें तसेंच राहूं देतों. अंबरनाथहून पहाटे निघालेली एस. टी.ची गाडी मुरबाडवरून माळशेज घाट चढून दुपारीं नगरास पोंचली. तेथें सैन्याच्या चिलखती दलाचें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. तें १९९४ मध्यें उघडलें. देशोदेशींचे रणगाडे एका ठिकाणीं उभे असलेले पाहून मुलें हरखून गेलीं. 'मॅटिल्डा' नांवाच्या एका ब्रिटिश रणगाड्यापाशीं एक मुलगा थबकला. त्यानें बोटांच्या पेरांनीं चिलखत ठोकून पाहिलें, आवाज ऐकला आणि मला विचारलें, "सर, हा कोण फोडणार?"

मीं म्हटलें, "जर्मनांनीं फोडला."

"कशानें?"

"मोठ्या तोफेनें."

"मग एवढी मोठी तोफ ते हलवीत कशी होते?"

यावर गाडीची वेळ झाली असें सांगून मीं त्यास पुढें घातलें. गाडीला अद्याप पाऊण तास अवकाश होता. मला उत्तर येत नव्हतें, एवढेंच खरें.

तो मुलगा आज अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींतील एका लहानशा कारखान्यांत दंतचक्रें कापण्याच्या यंत्रावर कारागीर आहे. मी निवृत्त झालों, वाचनास सवड मिळाली, तेव्हां त्याच्या प्रश्नाचें राहिलेलें उत्तर शोधूं लागलों. त्या उत्तराचा पूर्वार्ध मला पुस्तकांत सांपडला. उत्तरार्ध मात्र त्याच्याच यंत्रापाशीं उभा राहिल्यावर कळला. तोच वृत्तांत आज आपणांस सांगावयाचा आहे.

मॅटिल्डाच्या दर्शनी बाजूचें चिलखत ७८ मिलिमीटर, म्हणजे तीन इंचांहून किंचित् अधिक जाड. १९४० च्या मे महिन्यांत फ्रान्समधील आरास या गांवापाशीं त्याची जर्मनांशीं गांठ पडली. जर्मनांजवळच्या ३७ मिलिमीटरच्या तोफांचे गोळे त्याच्यावर आपटून नुसते खालीं पडूं लागले. या तोफेला पुढें जर्मन शिपायांनींच 'दार ठोठावणारी' असें नांव ठेविलें; ती ठोठावी, पण दार कांहीं उघडत नसे! निरुपाय होऊन त्यांनीं विमानें पाडण्यासाठीं केलेली ८८ मिलिमीटरची तोफ आडवी केली आणि रणगाड्यांवर रोखली. ती मात्र लागू पडली.

या तोफेची ओळख महाराष्ट्राला फार महाग पडली आहे. १५ जून १९४१ रोजीं मिसर व लिबिया यांच्या सीमेवरील हल्फाया खिंडीवर ब्रिटिशांच्या बाजूनें जो हल्ला झाला, त्यांत अकरावी हिंदी ब्रिगेड होती आणि त्या ब्रिगेडमध्यें मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. कॅमेरॉन हायलँडर्स ही स्कॉच पलटण व तिच्यासोबतचे मॅटिल्डा रणगाडे खिंडीच्या माथ्याकडून गेले. राजपुताना रायफल्स व मराठे खालच्या अंगानें चढले. खिंड राखणारा जर्मन अधिकारी कॅप्टन बाख हा पूर्वाश्रमींचा पाद्री. त्यानें आपल्या ८८ च्या तोफा जमिनींत अशा पुरून ठेविल्या होत्या कीं, नळी तेवढी वाळूच्या वर दिसावी. माथ्याकडून गेलेले बहुतेक सर्व मॅटिल्डा थोड्याच वेळांत जळूं लागले. खालच्या बाजूचे रणगाडे सुरुंगांत अडकले. ज्यांच्या आडोशानें पुढें जावयाचें तेच निकामी झाल्यावर पायदळानें काय करावें? पुढच्याच वर्षीं, २० जून १९४२ रोजीं, टोब्रुक येथें जर्मनांनीं बचावाची फळी फोडली ती नेमकी याच मराठा पलटणीच्या मोर्चावर. दुसऱ्या दिवशीं टोब्रुक पडलें आणि जे वांचले ते कैदी झाले.

आतां मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. ती तोफ ते हलवीत कशी? हल्फायास ते हलवीतच नव्हते. पुरलेली तोफ वाटेवर टपून बसे. ओढावयाची झाल्यास गाड्यासकट तिचें वजन सात टनांच्या आसपास भरे, आणि उंच असल्यामुळें ती उघड्यावर चटकन् दिसे. शत्रू बाजूनें आला तर ती बिचारी जागच्या जागीं मरे. तरीही जर्मनांचें भागलें असतें. परंतु २२ जून १९४१ रोजीं त्यांनीं रशियांत पाऊल टाकलें आणि तेथें टी-३४ व केव्ही हे रणगाडे समोर आले. टी-३४ चें चिलखत उतरतें, केव्हीचें अतिशय जाड, आणि दोन्हींही मोकळ्या मैदानांत धांवणारे. वाटेवर टपून बसण्याची युक्ति आतां पुरी पडेना. तोफेला पाय हवे होते.

रणगाड्यावर जो फिरता बुरूज असतो, तो त्यांतील मोठ्या खर्चाचा भाग. बुरूज फिरण्यासाठीं मोठ्या व्यासाचें कडें बिनचूक कापावें लागतें. तोफ जितकी मोठी तितका तिचा धक्का मोठा, धक्का मोठा म्हणून कडें मोठें, कडें मोठें म्हणून गाडीचा सांगाडा रुंद, असें हें लचांड वाढत जातें. जर्मन अभियंत्यांनीं विचार केला कीं, बुरूजच काढून टाकावा आणि सांगाड्यांतच तोफ पुढें तोंड करून बसवावी. गाडी ठेंगणी होते, स्वस्त होते, लौकर तयार होते, आणि त्याच सांगाड्यावर एरवीं न पेलणारी तोफ बसते. अशा गाडीस त्यांनीं 'पान्झरयेगर', म्हणजे रणगाड्यांचा शिकारी, असें नांव दिलें. युक्ति गरीबाघरची, पण शहाणपणाची. तिची उणीव एकच. तोफ डावीउजवीकडे फार थोडे अंश वळते. त्याहून बाजूला नेम धरावयाचा तर संपूर्ण गाडीच वळवावी लागते. हें एवढें श्रोत्यांनीं कृपा करून लक्षांत ठेवावें, कारण पुढें आपणांस त्याची गरज पडणार आहे.

आरंभींच्या गाड्यांविषयीं मी थोडक्यांत सांगतों. १९४० मध्यें जुन्या हलक्या रणगाड्यावर चेक बनावटीची ४७ मिलिमीटरची तोफ बसविली. पुढें 'मार्डर' नांवाखालीं ७५ मिलिमीटरच्या तोफा नाना प्रकारच्या सांगाड्यांवर चढविल्या, त्यांत फ्रेंचांचेही जिंकलेले सांगाडे होते. घरांत जें सांपडेल त्याची भाजी करावी तसा हा प्रकार. १२८ मिलिमीटरच्या तोफेच्याही दोन गाड्या करून पाहिल्या. त्यांतील एक रशियनांनीं पकडली, ती आजही मॉस्कोनजीक कुबिंका येथें आहे.

खरी जड शिकारी गाडी १९४३ मध्यें आली. तिच्यासाठीं ८८ चीच नवी, लांब नळीची तोफ तयार झाली होती. नळीची लांबी व्यासाच्या ७१ पट. गणित केल्यास सव्वासहा मीटर, म्हणजे वीस फुटांहून अधिक! गोळा सेकंदास सुमारें एक हजार मीटर वेगानें निघे आणि एक किलोमीटरवरून साडेसहा इंच पोलाद भेदी. ही तोफ त्यांनीं दोन मध्यम रणगाड्यांचे भाग जोडून केलेल्या चोवीस टनी सांगाड्यावर ठेविली. प्रथम तिचें नांव 'हॉर्निसे', म्हणजे गांधीलमाशी. हिटलरला तें क्षुद्र वाटलें म्हणून म्हणा, १९४४ मध्यें 'नासहॉर्न', म्हणजे गेंडा, असें झालें. पण गेंड्याची कातडी तिला नव्हती. चिलखत जेमतेम बंदुकीची गोळी अडविणारें, वरून सारी उघडी. लांबून मारावें आणि निघून जावें, हाच तिचा धर्म. अशा गाड्या सुमारें पांचशें झाल्या, आणि माझ्या मतें जर्मनांनीं येथेंच थांबावयास हवें होतें.

ते थांबले नाहींत. त्याचें निमित्त फर्डिनांड पोर्शे. 'टायगर' रणगाड्यासाठीं पोर्शे व हेन्शेल या दोघांनीं नमुने केले होते आणि २० एप्रिल १९४२ रोजीं, हिटलरच्या वाढदिवशीं, ते त्याच्यापुढें उभे करण्यांत आले. पोर्शेच्या नमुन्यांत इंजिनानें चाक फिरत नसे. इंजिनें वीज निर्माण करीत, ती वीज मोटारींना जाई आणि मोटारी पट्टे फिरवीत. कल्याणच्या शेडमधील डिझेलचीं रेल्वे-इंजिनें याच तत्त्वावर चालतात. रुळांवर ही रचना उत्तम आहे. चिखलांत ती तापे आणि बंद पडे. शिवाय तिला तांबें फार लागे, आणि तांब्याची जर्मनींत टंचाई. काम हेन्शेलला मिळालें. परंतु पोर्शेनें निकालाची वाट न पाहतां शंभराच्या आसपास सांगाडे आधींच हातीं घेतले होते! हे टाकून कसे द्यावयाचे? मग त्यांतील नव्वदांच्या पाठीवर पोलादी खोली बांधून तींत ती लांब तोफ बसविली, दर्शनी चिलखत २०० मिलिमीटर केलें आणि गाडीस पोर्शेचेंच पाळण्यांतील नांव दिलें: 'फर्डिनांड'. वजन ६५ टन.

५ जुलै १९४३ रोजीं कुर्स्कच्या लढाईंत या गाड्या प्रथम उतरल्या. समोरून त्यांस कोणी भेदूं शकेना, हें खरें. पण पोनिरी गांवाभोंवतीं रशियनांनीं सुरुंगांचें दाट पीक पेरलें होतें. सुरुंगानें पट्टा तुटला कीं गाडी बसली. आणि ६५ टनांची गाडी ओढून काढण्यास तीन-चार जड ट्रॅक्टर एकापुढें एक जोडावे लागत, तेंही गोळ्यांच्या वर्षावांत. जवळ आलेल्या शिपायावर झाडण्यास मशीनगनही बसविलेली नव्हती. महिन्याभरांत चाळीसच्या आसपास गाड्या कायमच्या गेल्या. कित्येक तर त्यांच्याच माणसांनीं जाळून टाकल्या. कुर्स्कला हें चाललें असतां आमच्या आजच्या उल्हासनगरच्या जागीं कल्याणची लष्करी छावणी होती. पुढें फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधव तेथील बराकींत राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वस्तीला उल्हासनगर हें नांव मिळालें. आजही तेथील पत्त्यांत 'कॅम्प' आणि 'बराक' हे शब्द असतात.

उरलेल्या गाड्यांना मशीनगन बसवून १९४४ मध्यें 'एलेफांट', म्हणजे हत्ती, असें नांव दिलें. त्यांतील अकरा इटलींत धाडल्या. डोंगरी रस्ते व अरुंद पूल यांनीं त्या हत्तींचें जें केलें, तें शत्रूच्या तोफांनाही साधलें नसतें. उन्हाळा सरेपर्यंत बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. 'गेंडा' गाड्यांचें एक पथकही तेथें शेवटपर्यंत होतें. त्याच इटलींत मराठा पलटणी आठव्या व दहाव्या हिंदी डिव्हिजनमधून लढत होत्या. १० जुलै १९४४ रोजीं नाईक यशवंत घाडगे यांनीं एकट्यानें मशीनगनचें ठाणें घेतलें व तेथेंच देह ठेविला. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनियो नदीवर नगर जिल्ह्यांतील नामदेव जाधव यांनीं जखमी सोबत्यांना वांचविलें. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगरास गेलों त्या वेळीं मला यांतील एकही गोष्ट मुलांना सांगतां आली नाहीं, याची आजही चुटपुट लागते.

या सर्व शिकारी गाड्यांत निर्विवाद उत्तम म्हणावी अशी गाडी 'याग्डपँथर' होय. पँथर रणगाड्याच्या सांगाड्यावर तीच लांब ८८ ची तोफ; पुढचें चिलखत अवघें ८० मिलिमीटर, पण छपरासारखें उतरतें, म्हणून गोळा घसरे. वजन ४५ टन, इंजिन ७०० अश्वशक्तीचें, आणि वेग मोटारबसच्या तोडीचा. ३० जुलै १९४४ रोजीं नॉर्मंडींत अशा अवघ्या तीन गाड्यांनीं कांहीं मिनिटांत अकरा 'चर्चिल' रणगाडे उडविले. चर्चिल रणगाडाही नगरास उभा आहे. पाहणाऱ्यानें त्याचा आकार लक्षांत घ्यावा म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळेल. महिन्यास दीडशें याग्डपँथर काढण्याचा जर्मनांचा बेत होता. एकाही महिन्यांत तो आंकडा गांठला गेला नाहीं. सर्व मिळून झाल्या चारशेंपंधराच्या आसपास. आणि ज्या झाल्या त्यांतील अनेक रस्त्यांतच मोडून पडत.

त्या कां मोडत? पुस्तकांत लिहिलेलें असतें कीं पट्टा फिरविणाऱ्या चाकाजवळचीं शेवटचीं दंतचक्रें कमकुवत होतीं. मला यावरून कांहींच बोध होईना. शेवटीं पँथरच्या त्या भागाचें एक चित्र घेऊन मी माझ्या त्या विद्यार्थ्याच्या कारखान्यांत गेलों. त्यानें हात पुसले, चित्र दिव्याखालीं धरलें आणि क्षणभरांत म्हणाला, "सर, हे तर सरळ दात्यांचे गिअर आहेत. एवढ्या वजनाला? सगळा भार एक-दोन दात्यांवर येणार. भार वांटून घेणारी जोडणी पाहिजे होती." मीं विचारलें, "मग त्यांनीं तशी कां केली नसेल? ते तर मोठे अभियंते." तो हंसला. "आंतून दांते कापायचें मशीन नसेल त्यांच्याकडे मोकळें. दुसरें काय?"

श्रोतेहो, नेमकी हीच गोष्ट इतिहासकारांनीं कागदपत्रें धुंडाळून लिहून ठेविली आहे. भार वांटणारी रचना जर्मनांस ठाऊक होती. परंतु तशीं दंतचक्रें कापणारीं यंत्रें पुरेशीं नव्हतीं, म्हणून सरळ दात्यांवर भागविलें. आतां मघां लक्षांत ठेवावयास सांगितलेली गोष्ट आठवा. बुरूज असलेला पँथर जागीं उभा राहून तोफ फिरवूं शके. बुरूज नसलेल्या याग्डपँथरला अकरा अंशांपलीकडे नेम धरावयाचा तर ४५ टनांची सारी गाडी एका अंगावर वळवावी लागे, आणि त्या प्रत्येक वळणाचा पीळ त्याच दुबळ्या दात्यांवर बसे. बुरुजाच्या कड्यावर जी काटकसर केली, तिची वसुली दात्यांतून झाली. मुलाला तोफ हलविण्याचें कोडें पडलें होतें. तोफ हलविणारांनाही तेंच पडलें होतें आणि तें त्यांना पुरतें सुटलें नाहीं.

अंबरनाथला १९५३ मध्यें सरकारनें 'मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी' कां काढली, याचा उलगडाही मला त्या दिवशीं झाला. पस्तीस वर्षें त्या नांवाची पाटी वाचीत मी जात-येत होतों. यंत्रें बनविणारीं यंत्रें ज्याच्याजवळ नाहींत, त्याला दांतेही परक्याच्या मर्जीनें कापून घ्यावे लागतात. २०२१ पासून हा कारखाना 'आर्मर्ड व्हेइकल्स निगम' या सरकारी कंपनीखालीं, म्हणजे आवडी येथील रणगाड्यांच्या कारखान्याच्या पंक्तीस, आला आहे.

जर्मनांनीं मात्र दात्यांकडे लक्ष देण्याऐवजीं वजन वाढविलें. 'याग्डटायगर' ही त्यांची शेवटची जड शिकारी गाडी: १२८ मिलिमीटरची तोफ, दर्शनी चिलखत २५० मिलिमीटर, वजन सत्तर टनांहून अधिक. गोळा इतका जड कीं तो व त्याची दारू वेगवेगळी भरावी लागे आणि त्यासाठीं दोन माणसें लागत. इंजिन तेंच ७०० अश्वशक्तीचें! फळ्यावर मांडावयाचें तर, याग्डपँथरला टनामागें पंधरा घोडे, याग्डटायगरला दहाही नाहींत. आमच्या बदलापुराविषयीं सांगतात कीं, पूर्वीं वाटसरू येथें दमलेलीं घोडीं बदलीत, म्हणून हें नांव. या गाडीला बदलावयास दुसरीं घोडींच नव्हतीं. सर्व मिळून नव्वदही गाड्या झाल्या नाहींत. १९४५ च्या वसंतांत त्यांतील बऱ्याच शत्रूच्या गोळ्यानें नव्हे, तर मोडून अथवा तेल संपून रस्त्याच्या कडेला बसल्या, आणि त्यांच्या माणसांनींच त्या उडवून दिल्या.

या गाड्यांचीं सुबक चित्रें व लहान प्रतिकृति हल्लीं मुलांच्या हातीं असतात. मलाही त्यांचें वेड लागलें होतें, हें कबूल करतों. परंतु याग्डटायगर जेथें तयार झाल्या, त्या ऑस्ट्रियांतील सांक्ट व्हालेंटीन येथील निबेलुंगेन कारखान्यापाशीं ऑगस्ट १९४४ पासून माउटहाउझेन या कुप्रसिद्ध छळछावणीची एक शाखा होती. तेथील कैदी या कारखान्यांत राबविले जात. हें वाचल्यापासून त्या चित्रांकडे मला पूर्वींसारखें पाहवत नाहीं. दंतचक्र कापणारा माणूस उपाशी आहे, भ्यालेला आहे, आणि जें कापतो आहे तें मोडावें अशी त्याची मनांतून इच्छा आहे. अशा दात्यावर कोणती गाडी धांवणार?

तुलनेसाठीं एकच आंकडा देतों. नासहॉर्न, फर्डिनांड, याग्डपँथर व याग्डटायगर या चारी जड गाड्या युद्ध संपेपर्यंत मिळून अकराशेंच्या आंतबाहेर झाल्या. रशियानें १९४४ मध्यें सरासरी एका महिन्यांत त्याहून अधिक टी-३४ रणगाडे बाहेर काढले. खुद्द जर्मनांनींही चेक कारखान्यांतून 'हेट्झर' नांवाची सोळा टनी, ७५ मिलिमीटर तोफेची ठेंगणी शिकारी गाडी वर्षभरांत अडीच हजारांहून अधिक संख्येनें काढली. त्या कारखान्यांपैकीं एक श्कोडाचा. पोर्शे, श्कोडा हीं नांवें आज पुण्याच्या रस्त्यांवर दिवसाकाठीं शंभरदां दिसतात, आणि त्यांत कोणासही वावगें वाटत नाहीं. काळ असाच जातो.

सांक्ट व्हालेंटीनच्या त्या जागीं हल्लीं शेतीचे ट्रॅक्टर तयार होतात. मागल्या महिन्यांत मीं हें माझ्या विद्यार्थ्यास सांगितलें. त्यानें यंत्र बंद न करतांच विचारलें, "गिअर ते स्वतः कापतात, कीं बाहेरून घेतात?" याही प्रश्नाचें उत्तर मला येत नव्हतें. या वेळीं मात्र तसें मीं त्यास सरळ सांगितलें.